धरला, तर सोडला कशाला?

पावसाळा उतरताना मार्कंडेय नदीला पाणी निवळ होतं तेव्हा बेळगावजवळच्या कंग्राळीच्या बाजूला आम्ही तीन-चार जण रविवारी गळ टाकून बसतो. एकदा बसलो असताना बरोबरच्या पोराने मोबाईलवर व्हिडिओ लावला. इंग्लंडमधला कुठला तरी कालवा. काठावर एक गोरा माणूस, हातात आमच्या ओसरीपेक्षा लांब काठी. मासा लागला. त्याने तो सावकाश ओढून घेतला, ओल्या चटईवर ठेवला, गळ सोडवला, वजन केलं, फोटो काढला आणि दोन्ही हातांनी धरून परत पाण्यात सोडला.

आमच्यातले अण्णा सत्तरीचे. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "येडं हाय काय गा? सोडायचंच होतं तर धरलं कशाला?"

मी म्हटलं, अण्णा, तो तिथे बसायला पैसे भरतो. शिवाय त्याचा क्लब तो कालवा राखतो. अण्णांचा विश्वास बसला नाही. पोराचाही नाही. इथे तळ्यांचा गाळ काढायची कामं निघतात, अमृत सरोवराचे फलक लागतात, दोन वर्षांत पुन्हा जलपर्णी माजते आणि "राखायचं कुणी?" हा प्रश्न तिथेच राहतो. त्यामुळे गळवाले आणि कालव्याचं खातं यांची तिकडे जोडी कशी जमली, हे जरा उलगडून सांगतो.

आधी हे कळू दे की त्यांचा कालवा आपला कॅनॉल नव्हे

आपल्याकडे कॅनॉल म्हटलं की शेताचं पाणी. हिडकल धरणात ५१ टीएमसी साठतं, खाली धुपदाळचा ब्रिटिश आमदनीतला बंधारा आहे, तिथून घटप्रभेचा डावा कालवा निघतो आणि पाळीपाळीने रान भिजवतो. पाळी संपली की कॅनॉल कोरडा.

इंग्लंडचे जुने कालवे शेतासाठी नव्हतेच, ते मालवाहतुकीसाठी होते. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला तो वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला. नाव पाण्यात, घोडा काठावरच्या पायवाटेवर, मध्ये दोर. ही पायवाट पुढे महत्त्वाची आहे, ध्यानात असू द्या. पाणी झिरपू नये म्हणून तळाला चिकणमाती ओली करून तुडवून तुडवून लुकणासारखी बसवायचे. सिमेंट नाही, काही नाही. म्हणून काठाला लव्हाळं उगवतं, आणि लव्हाळ्यात मासा राहतो.

पाणी वाहतं नसल्यामुळे चढ-उताराला युक्ती लागते. तिला लॉक म्हणतात. दोन दारांमधली एक अरुंद खोली. नाव आत घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी सोडायचं, नाव वर उचलली जाते. चोर्ला घाटात रस्ता जसा वळणं घेत चढतो, तशी नाव पायऱ्या चढते. डिवायझेस गावाजवळ एकामागोमाग २९ लॉक आहेत, सुमारे ७२ मीटरचा चढ. अरुंद लॉक एकदा भरायला अंदाजे लाखभर लिटर पाणी लागतं.

मग आगगाडी आली. नंतर लॉऱ्या. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले आणि १९६८ च्या कायद्याने त्यांचे तीन गट पाडले: मालाचे, सहलीचे आणि उरलेले. "उरलेले" हा कायद्यातला खरा शब्द आहे. अशा उरलेल्यांचं काय होतं, हे बेळगावातल्या कुठल्याही जुन्या विहिरीत डोकावलं तर कळेल.

उकरून पुन्हा जिवंत केलं कुणी?

सरकारने नव्हे, निदान सुरुवातीला तरी. १९४६ मध्ये कालवाप्रेमींची एक संघटना उभी राहिली. पुढे गावोगाव लोक सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन चिखलात उतरले. केनेट आणि एव्हन हा १४० किलोमीटरचा कालवा कित्येक वर्षं मोडून पडला होता, तो १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा खुला झाला. हडर्सफील्डचा अरुंद कालवा २००१ मध्ये, रोचडेलचा २००२ मध्ये. २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे सरकारी मंडळाकडून काढून एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे दिले. तिचं नाव कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट. तिच्याकडे साधारण ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग आहेत. पुढे मी नुसतं ट्रस्ट म्हणेन.

३,२०० किलोमीटरला राखणदार नेमायचे तर किती नेमणार? शिवाय २०२७ पासून सरकारी अनुदान दरवर्षी थोडं थोडं उतरत जाईल, हे २०२३ मध्येच जाहीर झालं आहे. इथे गळवाले कामाला येतात.

एक लायसन्स, एक खंड

तिकडच्या गिरण्या, खाणी, कारखाने यांतल्या कामगारांचे मासेमारीचे क्लब जुने आहेत. आपल्याकडची तालीम मंडळं डोळ्यासमोर आणा. वर्गणी, हिशेबाची वही, वार्षिक सभा, सभेत भांडण, सगळं तसंच.

गळ टाकायला तिथे दोन कागद लागतात. पहिला सरकारी परवाना. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो घ्यावा लागतो, सोळापर्यंतच्या पोरांना फुकट. तो पैसा पर्यावरण खात्याकडे जातो आणि मासे व पाण्याच्या कामावर खर्च होतो. पण या परवान्याने कुठेही बसता येत नाही. आरटीओचं लायसन्स खिशात आहे म्हणून कुणाच्याही अंगणात गाडी लावता येत नाही, तसंच.

दुसरा कागद म्हणजे त्या जागेचा हक्क. क्लब ट्रस्टकडून कालव्याचा एक तुकडा मासेमारीपुरता भाड्याने घेतो. आपल्या भाषेत खंडाने घेतो. पाणी ट्रस्टचं, नावांना वाट मोकळी, पायवाटेवर कुणीही चालावं. क्लबला मिळतो तो फक्त गळ टाकायचा हक्क. क्लब सभासदांकडून वर्गणी घेतो, काठावर नंबरचे खुंटे ठोकतो आणि आपलाच एक राखणदार फिरवतो. तो परवाने तपासतो, कचरा दिसला तर सांगतो, कुणी रात्री जाळं लावलं तर कळवतो.

मला या सगळ्या प्रकरणात हा कागद सगळ्यात मोलाचा वाटतो. खंडाने घेतलेल्या शेताचा बांध माणूस स्वतः राखतो. कुणाचंच नसलेल्या रानाचा बांध कोण घालतो?

मासा सोडतात तो दयेपोटी नव्हे

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर इथे देतो, कारण ते साधं आहे. कालव्यातले रोच, ब्रीम, पर्च हे मासे काटेरी आणि बहुधा लहान. तिकडे ते सहसा कुणी खात नाही. शिवाय नद्यांमध्ये तर किती घरी न्यायचे यावर सरकारी मर्यादाही आहे. मजा धरण्यात आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती मारली म्हणून कुणी समोरच्या पैलवानाला घरी नेतो काय? पुढच्या मैदानाला तो पाहिजेच. स्पर्धेत दिवसभराचे मासे जाळीच्या पिशवीत पाण्यातच ठेवतात, शेवटी वजन करतात आणि सोडतात. क्लबने त्या पाण्यात मासे सोडायला खर्च केलेला असतो, म्हणून ते तिथेच राहणं त्याच्याही फायद्याचं.

बदल्यात ट्रस्टला काय मिळतं?

भाडं मिळतं. पण भाड्यापेक्षा डोळे मिळतात. गळवाला एका जागी पाच-सहा तास पाण्याकडे बघत बसतो. नाववाला पुढे जातो, सायकलवाला तर बघतही नाही. पाण्याचा रंग बदलला, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, नळातून फेस आला, हे पहिल्यांदा गळवाल्याला दिसतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा कमी होते, वर शेवाळाची चादर पसरली की आणखी कमी. अशा वेळी एक फोन वेळेवर गेला तर निम्मं काम होतं.

दुसरं, बाहेरून आलेल्या वनस्पती आणि जीव. तिकडेही आपल्या जलपर्णीसारखी पाण्यावर पसरणारी एक वेल आहे, अमेरिकेचा खेकडावजा झिंगा आहे. एका पाण्यातलं जाळं दुसऱ्या पाण्यात ओलं नेलं की ते सगळं बरोबर जातं. म्हणून तिथे शिकवतात: तपासा, धुवा, वाळवा. गळवाल्यांची जाळी रोज पाण्यात, तेव्हा हा नियम त्यांनी पाळला तरच अर्थ.

तिसरं मी जरा सविस्तर सांगतो, कारण उलटं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

लॉकचं दार बदलायचं, भिंत बांधायची, तर तो तुकडा रिकामा करावा लागतो. ट्रस्ट ही कामं बहुतेक हिवाळ्यात काढतो. आधी प्रशिक्षित माणसं पाण्यात उतरतात, बेताची वीज सोडतात. मासा मरत नाही, काही क्षण सुन्न होतो. त्याला अलगद जाळीत घेऊन टाकीतून शेजारच्या तुकड्यात सोडतात. (आपल्याकडे रात्री तार टाकून करंट लावतात ते हे नव्हे. त्यात मासाही मरतो आणि कधी माणूसही.) आपला तुकडा कधी रिकामा होणार, किती दिवस, कुठला मासा कुठे, हे क्लबला आधीपासून माहीत असतं.

आता इकडचं. काही वर्षांमागे आमच्या भागातल्या एका तळ्याचा गाळ काढायचं ठरलं. गाव सांगत नाही. काम चांगलंच होतं, कुणाचा विरोध नव्हता. पंप लावले, चार दिवसांत पाणी गुडघ्यावर आलं. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तर मधल्या डबक्यात चिलापी आणि कटला एकमेकांवर चढून तोंडं वर काढत होते. पाण्याचा नुसता चुटचुट आवाज. पोरांनी लुगडी धरून पोतं-दोन पोती नेली. बायका पातेली घेऊन आल्या. उरलेले दुपारपर्यंत पांढरे पडले. संध्याकाळी जेसीबीने गाळाबरोबर भरले. आठ दिवस वास होता. हातभर लांबीचे कटले होते त्यात, कुणी तरी पैसे भरून बोटुकली सोडली असणार. दोन टेम्पो आणि अर्धा दिवस मिळाला असता तर शेजारच्या तळ्यात गेले असते. पण सांगायचं कुणाला, हे उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मलाही.

मग सगळं गोडीगुलाबीनेच चालतं म्हणायचं?

नाही हो. भांडणं भरपूर. चौदा-पंधरा मीटरची काठी मागे ओढायची तर ती पायवाटेवर आडवी येते, आणि मागून सायकल. नाव आली की काठी उचला, नाव गेली की पुन्हा मांडा, दिवसात वीस वेळा. नाववाला म्हणतो आम्ही पैसे भरतो, गळवालाही तेच म्हणतो. म्हणून कुठे बसायचं नाही ते ठरलेलं आहे: लॉकच्या तोंडाशी नको, नाव वळवायच्या जागी नको, विजेच्या तारांखाली तर मुळीच नको. काठी कार्बनची असते, तिच्यातून वीज जाते. हा शेवटचा नियम आपल्या पोरांनीही पाठ करावा.

मोठी अडचण मात्र जीर्णोद्धारातच आहे, आणि ती मला फार गंमतीची वाटते. मोडलेला कालवा हा गळवाल्याचा स्वर्ग असतो. नावा नाहीत, पाणी निवळ, लव्हाळं दाट. तो खुला केला की नावांचे पंखे तळाचा चिखल ढवळतात, पाणी गढूळ होतं, वनस्पती जातात, मासेही बदलतात. म्हणजे गळवाल्याने फावडं हातात घ्यायचं ते स्वतःच्या जागेवर गर्दी आणायला! काहींनी विरोध केलाही. पण नावा अजिबात नसल्या तर गाळ भरत जातो, लव्हाळं मधोमध येतं आणि शेवटी कालव्याचं कुरण होतं. तेव्हा थोडी वर्दळ हवी, फार नको. किती, यावर वाटाघाटी.

वेल्सच्या सीमेवरचा माँटगोमेरी कालवा याचं चांगलं उदाहरण. १९३६ मध्ये त्याचा काठ फुटला, १९४४ च्या कायद्याने तो सोडून दिला. माणसं गेली आणि पाण्यावर तरंगणारी एक दुर्मिळ वनस्पती तिथे बहरली. पुढे लोक तो उकरायला गेले तर तो संरक्षित ठरलेला! मग नावांच्या संख्येला मर्यादा घातली आणि कालव्याला लागून वेगळी तळी खणून त्या वनस्पतीला घर करून दिलं. काम अजून पुरं झालेलं नाही. सीमाभागातली कामं रेंगाळतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कागदाची ताकद: डर्बीचा खटला

हा खटला कालव्याचा नाही, डर्वेंट नदीचा आहे, पण त्याच्यामुळे इंग्लंडमधल्या गळवाल्यांच्या शब्दाला वजन आलं. डर्बी शहराजवळ एका मासेमारी क्लबकडे नदीच्या तुकड्याचा हक्क होता. वरच्या अंगाला एक मोठा रसायन-धाग्याचा कारखाना, शहराचं सांडपाणी आणि वीजकेंद्राचं गरम पाणी. मासे मेले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लबने कारखाना, नगरपालिका आणि वीजमंडळ या तिघांनाही कोर्टात खेचलं आणि जिंकला. कोर्टाने नुसती भरपाई दिली नाही, घाण थांबवा असा मनाई हुकूम दिला. नगरपालिका म्हणाली, शहर वाढलं, आम्ही काय करणार? कोर्टाने ते ऐकलं नाही.

रविवारी गळ टाकणाऱ्या कामगारांनी हे केलं, कारण त्यांच्याकडे कागद होता. "आम्हाला वास येतो" ही तक्रार आणि "आमच्या मालकीचं नुकसान झालं" हा दावा, कोर्टात यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. अशा खटल्यांसाठी १९४८ मध्येच गळवाल्यांनी आपली एक संघटना काढली होती. तिचा वारसा आजही चालू आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या भातात शिरतं आणि शेतकरी निवेदनं देत राहतात, ते बघताना मला हा खटला आठवतो.

"हे गोऱ्यांचे चोचले, आपल्याला काय उपयोग?"

हा आक्षेप येणारच, आणि तो निम्मा बरोबर आहे. आपल्याकडे मासा पोटासाठी धरतात. तळ्यांचा मासेमारीचा ठेका सहकारी संघांना किंवा लिलावात जातो. काही तळी पंचायतीकडे, काही मत्स्यखात्याकडे. कर्नाटकात १९९६ चा अंतर्गत मत्स्य कायदा आहे. म्हणजे खंडाचा कागद इथेही आहेच, तो फक्त धंद्याचा आहे. तेव्हा शौकाने गळ टाकणाऱ्यांनी एखादं तळं मागून घ्यावं आणि पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणाऱ्याला हाकलावं, असं कुणी सुचवलं तर मी विरोधात उभा राहीन. मागायचं ते एवढंच, की ठेक्याच्या त्याच कागदात राखणीची चार कलमं असावीत. पाणी काढायच्या आधी ठेकेदाराला कळवणं, मासे हलवायला दिवस देणं, मेलेले मासे दिसले तर कुणाला फोन करायचा तो नंबर. आणि हो, हे सगळं कन्नडबरोबर मराठीतही लिहिलेलं असलं तर वाचता येईल.

"आपला कॅनॉल तर कोरडा पडतो"

खरं आहे. सिमेंटच्या कॅनॉलात मासा घर करत नाही, पाळीबरोबर येतो आणि डबक्यात अडकतो. म्हणून तिकडच्या कालव्याची तुलना आपल्या कॅनॉलशी करू नका, तळ्यांशी करा. किल्ल्याचं तळं, गावोगावची तळी, निपाणीचा जवाहर तलाव. आणि कॅनॉलवर पाणी वापर सहकारी संघ असतातच, पाळी वाटून घ्यायची सवय आपल्याला नवी नाही.

"नियम केले तरी पाळणार कोण?"

इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, माशांच्या विणीसाठी. बहुतेक कालव्यांना ती आता लागू नाही. आपल्याकडे विणीचा हंगाम म्हणजे मृगाचा पहिला पाऊस. ओढ्याला पाणी आलं की पोटात अंडी घेऊन मासा चढतो, आणि नेमके तेव्हाच आपण टॉर्च, काठ्या, जाळ्या घेऊन बांधावर उभे. चढणीच्या माशाची चव वेगळीच, हे मीही नाकारत नाही. पण त्या एका रात्रीत पुढच्या वर्षाचं बियाणं खाऊन टाकतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला दोन वाक्यांत पटेल. पटूनही तो जातो, ही गोष्ट वेगळी. मीही गेलो आहे.

तिकडे हे पाळलं जातं ते पोलिसामुळे कमी आणि शेजारच्या खुंट्यावर बसलेल्यामुळे जास्त. क्लबातून नाव काढलं तर रविवार कुठे घालवायचा? ट्रस्ट आणि क्लब मिळून नवख्यांना, विशेषतः पोरांना, फुकट गळ टाकायला शिकवतात. त्यात गाठ कशी मारायची याच्याबरोबर मासा कोरड्या हाताने धरायचा नाही, हेही येतं. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरतो.

हे सगळं पुढच्या रविवारी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दोन बारकी खवली लागली ती खरोखरच हात ओला करून सोडली, माझ्याकडे बघत. तासाभराने काठी वाकली आणि किलोभराची मरळ वर आली. मी काही बोललो नाही. अण्णांनी ती शांतपणे पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाले, "कुस्ती मारली की नारळ तर मिळतोय नव्हं? ह्यो माझा नारळ."